गाय फॉक्सची शेकोटी

मेसच्या रांगेपासून ते व्हायवाच्या रांगेपर्यंत आपण दिवसातून पन्नास वेळा ‘हाय गाइज’ म्हणतो. यातला ‘गाय’ म्हणजे गाय फॉक्स, राजद्रोहाबद्दल फाशी झालेला एक इंग्रज. आधी त्याच्या पुतळ्याला, मग गबाळ्या माणसाला आणि शेवटी कुणालाही लोक ‘गाय’ म्हणू लागले. (आपल्या गोमातेचा इथे काही संबंध नाही!)

एका सत्रासाठी मी इंग्लंडात यॉर्कला होतो. फॉक्स १५७० साली याच गावात जन्मला. त्याच्या काळात कॅथलिकांवर कडक निर्बंध होते, सरकारी चर्चमध्ये गेलं नाही तर दंड. १६०३ मध्ये पहिला जेम्स गादीवर आला, तरी परिस्थिती तीच. तेव्हा रॉबर्ट केट्सबीने कट रचला. संसदेच्या उद्घाटनाला राजासकट सगळं सभागृहच उडवायचं! लॉर्ड्स सभागृहाखालची जागा भाड्याने घेतली आणि बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं सरपणाखाली लपवली. फॉक्स स्पेनच्या सैन्यात लढलेला, म्हणून वात पेटवायचं काम त्याच्याकडे. पण एका उमरावाला निनावी पत्र गेलं, झडती झाली आणि ४ नोव्हेंबर १६०५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास फॉक्स पिंपांसकट सापडला.

राजा वाचला म्हणून लंडनकरांनी शेकोट्या पेटवल्या. १६०६ मध्ये संसदेने कायदाच केला की, दर ५ नोव्हेंबरला चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झालीच पाहिजे. म्हणजे सणाचा चक्क जीआर! तो १८५९ मध्ये रद्द झाला, पण शेकोटी काही विझली नाही.

जुन्या कपड्यांत पेंढा कोंबून ‘गाय’ करायचा, पोरांनी तो दाखवून ‘पेनी फॉर द गाय’ म्हणत पैसे मागायचे आणि रात्री तो जाळायचा, ही तिथली जुनी रीत. हल्ली पैसे मागणारी पोरं फारशी दिसत नाहीत. मैदानावर सार्वजनिक शेकोटी आणि फटाके असतात. यॉर्कशायरचा खास पदार्थ म्हणजे पार्किन, ओटचं पीठ, आलं आणि काकवीसारखा पाक घातलेला केक. थंडीत तो हातात घेऊन उभं राहायला मजा येते. पेटवण्याआधी लाकडांत एखादा हेजहॉग झोपलाय का, तेही बघतात.

आमच्या मजल्यावरच्या मुलांनीही फाटकी जीन्स आणि टी-शर्ट घालून झकास गाय बनवला. शेजारच्या खोलीतला मित्र कॅथलिक होता. तो सहज म्हणाला, “आमची आजी या रात्री पडदे ओढून घ्यायची. पूर्वी लोक पोपचाही पुतळा जाळायचे ना.” खोलीत एकदम शांतता. एकजण म्हणाला, “अरे, पण आता कोण एवढा विचार करतं?” मित्र हसला, “मीही करत नाही. आजी करायची.”

यात एकच बाजू होरपळली असंही नाही. ससेक्समधल्या लुइस गावी १५५५ ते १५५७ या काळात १७ प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं होतं. त्यांच्यासाठी तिथे आजही ५ नोव्हेंबरच्या मिरवणुकीत १७ जळते क्रूस नेतात. दोन्हीकडच्या जखमा खऱ्याच.

शेवटी आम्ही सगळे मैदानावर गेलो, मित्रही आला. गायला मात्र कुणी उचललं नाही आणि त्यावर चर्चाही झाली नाही. त्याच्याशिवाय शेकोटी तेवढीच ऊबदार होती. मला वाटतं, सण असेच शहाणे होत जातात. आधी राग जातो, मग कायदा जातो आणि उरते ती ऊब. इंग्लंडच्या २००४ च्या फटाके नियमांत तर ५ नोव्हेंबरला रात्री १२ पर्यंत सूट आहे आणि दिवाळीला १ पर्यंत!

आमचा गाय पुढे डिसेंबरपर्यंत कॉमन रूमच्या खुर्चीत बसून टीव्ही बघत होता. रिमोट नेहमी त्याच्याच मांडीवर सापडायचा.