दोष आईचा नव्हे!

आमच्या वस्तीतील एका घरी दुसरे बाळ गेले. पहिला मुलगाही असाच सहाव्या महिन्यात गेला होता. तोंडात पांढरे चट्टे, न थांबणारे जुलाब, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. मातीहून परतताना एक म्हातारी म्हणाली, "सूनच पांढऱ्या पायाची!" आम्ही एरवी सभेत चार गोष्टी सांगणारे, त्या दिवशी गप्प बसलो, कारण उत्तर ठाऊक नव्हते.

पुढे डॉक्टरांना विचारून समजून घेतले. हाडांच्या मगजात रक्ताच्या मूळ पेशी असतात. त्यांतील काही छातीतल्या थायमस ग्रंथीत जाऊन टी पेशी बनतात. रोगजंतू ओळखण्याची शिकवण त्यांना तेथेच मिळते. वाढण्याचा निरोप घेणारी कडीच जन्मतः सदोष असली, तर टी पेशी तयार होत नाहीत. बी पेशी असतात, पण टी पेशींवाचून त्यांचे काम अडते. आमच्या कचेरीच्या भाषेत, हजेरीपटावर नाव आहे, कामावर माणूस नाही!

अमेरिकेत १९७१ साली जन्मलेला डेव्हिड व्हेटर याच रोगामुळे बारा वर्षे प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कोठडीत वाढला. त्याचा थोरला भाऊ आधीच गेला होता. १९८३ साली डेव्हिडला बहिणीचा मगज दिला. त्यात लपलेल्या विषाणूने कर्करोग होऊन १९८४ साली तोही गेला. १९९३ साली सदोष जनुक सापडले. ते एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एकच एक्स मिळतो, तोही आईकडून. म्हणून आई निरोगी आणि मुलगा आजारी. यात तिचा अपराध कोणता? काही प्रकारांत दोष आईबाप दोघांकडून येतो. मामेबहिणीशी लग्न करण्याच्या आपल्या चालीने तो धोका वाढतो.

आता पहिल्या काही महिन्यांतच मगज बदलला, तर बहुतेक बाळे वाचतात. म्हणून ज्या घरात तान्ही मुले अशी गेली असतील, त्यांनी पुढच्या बाळाला बीसीजी वा पोलिओचे थेंब देण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे; त्या लसींत जिवंत जंतू असतात. रक्त तपासून लिम्फोसाइट पेशी किती, तेही विचारावे. इतरांनी मात्र लस चुकवू नये.

त्या दोन बाळांची तपासणी झालीच नव्हती. तरी आम्ही त्या माउलीकडे जाऊन हे सारे सांगितले. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊ, म्हणजे माझ्या दुधात काही नव्हतं ना?"