समिती कागदावरची आणि वस्तीतली

मतदानाच्या दिवशी आपली वस्ती सकाळी सातलाच रांगेत उभी असते. म्हातारी माणसे नातवाचा हात धरून जातात. बोटाला शाई लागली की आपल्याला वाटते, आपले काम झाले. खरे म्हणजे त्या दिवसापासून काम सुरू होते. पुढची पाच वर्षे आपल्या नळाला पाणी किती येते, गटार कधी उपसले जाते, संडासाला दार आहे की नाही, हे कुणी विचारायचे? नगरसेवकाने विचारावे हे बरोबर. पण तो एकटा पुरा पडत नाही, आणि कधी कधी त्याला विचारायचेही नसते. म्हणूनच नागरिकांच्या समित्या हव्यात. या समित्यांविषयी आपल्या लोकांत फार कमी बोलले जाते, म्हणून आज हा विषय घेतला.

मी बी.कॉम. झालेला कारकून आहे. एका पतसंस्थेत आवक-जावक सांभाळतो आणि संध्याकाळी वस्तीची कामे पाहतो. नोकरीने मला एक गोष्ट पक्की शिकवली. ज्या कागदावर आवक क्रमांक नाही, तो कागद कचेरीच्या दृष्टीने जन्मलेलाच नसतो. वस्तीतले लोक साहेबाला भेटून पोटतिडकीने बोलतात, साहेब मान डोलावतो, लोक समाधानाने घरी येतात. टेबलावर मात्र काहीच उरत नाही. समितीचा पहिला उपयोग हा की बोललेले तिथे लिहिले जाते.

कायदा काय सांगतो

७४ वी घटनादुरुस्ती डिसेंबर १९९२ मध्ये संसदेत मंजूर झाली आणि १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने शहरांच्या स्थानिक कारभाराला राज्यघटनेत जागा दिली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. पुढे २०११ साली महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. याच दुरुस्तीत कलम २४३-एस आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असल्या पाहिजेत, असे ते सांगते. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय दिले आहेत. त्यांत गलिच्छ वस्ती सुधारणा हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे.

आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे प्रभाग समितीत त्या भागाचे नगरसेवक असतात आणि वॉर्ड ऑफिसचा प्रमुख अधिकारी असतो. शिवाय त्या भागात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांतून तीनपर्यंत नागरिक सदस्य घेता येतात. पाणी, सांडपाणी, सफाई यांच्या तक्रारी लवकर सोडवणे आणि प्रभागाच्या अंदाजपत्रकाबाबत शिफारस करणे ही या समितीची कामे. लहानसहान कामांना मंजुरी देण्याचा अधिकारही तिला आहे. म्हणजे दार, दिवा, टाकी अशा कामासाठी मुख्य इमारतीचे जिने झिजवण्याची गरज नाही. पण त्या तीन खुर्च्या आपल्या भागात भरल्या आहेत का, आणि कुणी भरल्या आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

आमच्या वस्तीचा अनुभव

आमची वस्ती सुमारे ११० घरांची. शहराचे नाव सांगत नाही, कारण अशी वस्ती प्रत्येक शहरात आहे. सन २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या सार्वजनिक संडासात बायकांच्या सहा सीट होत्या. दोन तुंबलेल्या, एकीला दार नाही. उरल्या तीन. पहाटे चारला उठून बायका अंधारात जात. वयात आलेल्या मुली दिवसभर पाणी पीत नसत. ही गोष्ट पुरुषांच्या बैठकीत कधी निघत नसे, कारण ती बोलण्याची लाज वाटे.

वस्ती समिती अकरा जणांची केली. त्यात सहा बायका घेतल्या. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “भाऊ, अर्ज तुम्ही लिवा, पण मोजणी आमी करू.” त्यांनी शाळेच्या वहीत तीन दिवस सकाळची रांग मोजली. स्त्रिया आणि मुली मिळून सुमारे २४० निघाल्या, म्हणजे एका सीटमागे ८०. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषाप्रमाणे सामुदायिक शौचालयात २५ स्त्रियांमागे एक सीट हवी. म्हणजे आम्हाला दहा हव्या होत्या. हा हिशेब एका पानावर मांडला, सर्वांच्या सह्या-अंगठे घेतले आणि अर्ज देऊन शिक्क्यानिशी पोच घेतली.

प्रभाग समितीवर त्या वेळी बालवाडी चालवणाऱ्या संस्थेतले एक निवृत्त गुरुजी नागरिक सदस्य होते. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावला. बैठक मात्र बुधवारी दुपारी तीनला. मावशींना कामाचा खाडा झाला असता आणि पैसे कापले गेले असते. आम्ही लेखी मागणी केली की आधी स्थळपाहणी करावी. अभियंता साहेब शनिवारी अकराला आले. संडासात त्या वेळी चिटपाखरू नव्हते. मावशी म्हणाल्या, “सायेब, आता काय दिसनार? सकाळी सहाला या.” साहेब थोडे रागावले. पण पुढच्या आठवड्यात खरोखर साडेसहाला आले आणि रांगेकडे पाहून काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच आठवड्यात एस्टिमेट केले.

समितीने शिफारस केली. २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत नवी दारे, कड्या, चार जास्तीच्या सीट, पाण्याची टाकी आणि वाटेवर दोन दिवे झाले. ड्रेनेजची मोठी लाईन अजून झालेली नाही, ते काम समितीच्या मर्यादेबाहेरचे आहे. पण आमच्या मुली आता शाळेत जाताना पाण्याची बाटली भरून नेतात. मला विचाराल तर त्या समितीचे इतिवृत्त या बाटलीत आहे.

सल्ला कुणाचा?

समिती झाली म्हणजे सारे झाले असे नाही. सल्लागार समितीत एक मोठी खोट असू शकते. सल्ला देणारे तेच ते लोक असतात. बंगल्यातले, सोसायटीतले, दुपारी मोकळे असलेले. त्यांच्या तक्रारीही खऱ्या असतात. पण त्यांच्या लेखी हातगाडी म्हणजे अडथळा आणि झोपडी म्हणजे घाण. त्या हातगाडीवर एक घर चालते, हे सांगायला कुणी हजर नसेल, तर ‘नागरिकांची मागणी’ म्हणून हातगाडी उचलली जाते. म्हणून समितीत आपला माणूस असणे ही मानपानाची गोष्ट नाही, पोटाची गोष्ट आहे. आपल्यातही एक दोष आहे. वस्तीतला जो चार शब्द बोलतो, तोच सगळ्यांचा प्रतिनिधी होतो, आणि बायका चहा करायला आत असतात. आमच्याकडे रांग मोजली गेली ती बायका समितीत होत्या म्हणून. पुरुषांनी मोजली असती तर कदाचित पुरुषांचीच मोजली असती.

दुसरी गोष्ट. ठराव आणि अंमल यांत किती अंतर असते, हे आपल्या समाजाइतके कुणाला ठाऊक असणार? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले. ठराव कागदावर होता, पाणी मात्र मिळत नव्हते. म्हणून ठरावाच्या मागे माणसे उभी राहिली पाहिजेत.

इतर ठिकाणी काय घडले

पुणे शहरात १९९९ ते २००१ या काळात आयुक्त रत्नाकर गायकवाड असताना चारशेच्या वर सामुदायिक शौचालये उभी राहिली. त्यांत दहा हजारांहून अधिक सीट होत्या. वस्तीतल्या बायकांच्या गटांना आणि संस्थांना बांधकामात व देखभालीत भागीदार केले. दर आठवड्याला अधिकारी व संस्था एकत्र बसत. लहान मुलांसाठी वेगळी सोय, राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली, असे विचार त्यातून आले. कचेरीत बसून हे सुचले नसते.

भिवंडीचेही उदाहरण आहे. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. ओळख आधी असेल तर अफवा उंबऱ्याबाहेरच थांबते.

केरळने तर १९९६ साली लोकयोजना मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना निधीचा मोठा हिस्सा, सुमारे ३५ ते ४० टक्के, स्थानिक संस्थांकडे दिला. लोकांचा सल्ला तिथे निधीसकट आला. आपल्याकडे सल्ला मागतात, पण पेटीची किल्ली दुसऱ्याकडे असते. मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद आपल्या राज्याने २००९ साली कायद्यात केली. ती आपल्या मोहल्ल्यात कधी भरली, हे शेजाऱ्याला विचारून पाहा.

प्रशासकांच्या काळातला धडा

सन २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका जानेवारी २०२६ पर्यंत लांबल्या. त्या काळात प्रशासकांचा कारभार होता. नगरसेवक नाहीत म्हणजे प्रभाग समिती नाही, आणि गुरुजींची खुर्चीही नाही. त्या चार वर्षांत आमच्या हाती राहिली ती वस्ती समितीची वही. मैल्याची टाकी भरली की मावशी तारीख सांगत, मी अर्ज लिहीत असे. पोच, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, महिन्याने माहितीच्या अधिकारात अर्ज. टाकी उपसली जाई. सरकारी समिती येते-जाते. वस्तीची समिती टिकली तरच सरकारी समितीला काही सांगता येते.

आपण काय करावे

आता नवे नगरसेवक आले आहेत. म्हणून वाचकांना चार गोष्टी सुचवतो. पहिली, आपल्या वॉर्ड ऑफिसात जाऊन प्रभाग समितीच्या बैठकीची तारीख आणि नागरिक सदस्यांची नावे लेखी विचारा. दुसरी, नोंदणीकृत मंडळ, महिला मंडळ किंवा वाचनालय असेल तर त्याच्या कामाचा अहवाल तयार ठेवा. सदस्य निवडताना संस्थेचे काम पाहतात, आणि आपली मंडळे काम करतात पण कागद ठेवत नाहीत. तिसरी, वस्ती समितीत निम्म्या बायका असू द्या आणि बैठक त्यांच्या कामाच्या वेळेनंतर घ्या. चौथी, तक्रार मोजून मांडा. ‘फार त्रास आहे’ याला उत्तर देता येते. ‘२४० बायका, तीन सीट’ याला देता येत नाही.

यासाठी पुढारी असण्याची गरज नाही. एक वही, एक पेन आणि दर महिन्याला दोन तास एवढे पुरते. आपल्या घरात दहावी-बारावी शिकलेली मुलगी आहे. तिला समितीची चिटणीस करा. अर्जाला पोच घ्यायला तिला आजच शिकवा. मोठ्या इमारतीत तिचा आवाज कदाचित ऐकू जाणार नाही, पण तिने घेतलेला आवक क्रमांक कुणाला पुसता येणार नाही.