आर. के. पुरमची हरळी

बदली होऊन दिल्लीत आलात आणि गणपतीला दूर्वा मिळेनात? आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये खाली वाकून पाहा. माळीदादांना ‘दूब’ म्हणा, लगेच दाखवतील. आपली हरळीच ती! लिनियसने १७५३ मध्ये तिचं बारसं केलं, १८०५ मध्ये ती ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’ झाली. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात, डॅक्टिलॉन म्हणजे बोट. तुरे बोटांसारखे फाकलेले असतात ना! इंग्रजीत मात्र बर्म्युडा ग्रास. ती मूळची बर्म्युडाची मुळीच नाही. आफ्रिका, दक्षिण युरोप, आशिया हे तिचं माहेर. पेर मातीला टेकलं, की तिथेच मुळं धरते. तीन पात्यांचे कोवळे शेंडे खुडा, एकवीसची जुडी बांधा. सकाळी कुत्री फिरवतात तो कोपरा तेवढा सोडा!