दोन इंच

लोकांची कर्जप्रकरणे तपासता तपासता मीच एक कर्ज काढले आणि थार दारात आली. कारण सबळ होते. मुंबई-गोवा महामार्ग आमच्या पनवेलपासून सुरू होतो. त्याच्या रुंदीकरणाला २०११ साली हात लागला, तेव्हा चिरंजीव बालवाडीत होते. आता ते मला टायरवर व्याख्यान देतात.

"बाबा, दोन इंच लिफ्ट आणि एमटी टायर!"

एमटी म्हणजे चिखलाचे टायर. डांबरावर ते पिठाच्या गिरणीसारखे घुमतात. चाक मोठे केले की काटा खरा वेग दाखवत नाही, गाडी उचलली की वळणावर झुलते. शिवाय गाडीची मूळ रचना बदलू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बजावलेले. कारकुनाला नियम सापडला की केवढा धीर येतो!

पण निकाल दिला आईने. न उचललेल्याच गाडीत तिने एक पाय टाकला. दुसरा जमीन सोडीना. गुडघे धरून म्हणाली, "अरे, मला पालीला नेतोयस की टकमक टोकावर?"

मूळ मापाचेच एटी टायर घेतले, आणि एक पायरी. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत. रविवारी मात्र आजीला हात द्यायला तेच पुढे. आता खड्डा आला की आई "मोरया" म्हणते.