रिकामे रकाने

सिडनीला पोचल्या दिवशी काय बघायचं असं कुणी विचारलं तर मी मॅन्लीची बोट सांगते. सर्क्युलर कीच्या धक्क्यावर जायचं, खिशातलं कार्ड यंत्राला टेकवायचं आणि हिरव्या-पिवळ्या फेरीत बाहेरच्या बाकावर, उजव्या अंगाला जागा धरायची. बोट सुटली की उजवीकडे ऑपेरा हाउस, मान वळवली की मागे पूल. कामावरून घरी निघालेली माणसं फोनमध्ये डोकं घालून बसलेली असतात. त्यांना या दोन्हींचं काही नाही. पुढे अर्धा तास नुसतं पाणी, शिडाच्या होड्या, उतरणीवरची घरं. नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन कड्यांच्या मधून पॅसिफिकची लाट आत शिरते, तिथे बोट अशी काही डोलते की विमानाने जड झालेलं डोकं आपोआप ताळ्यावर येतं. मॅन्लीला उतरून कोर्सो नावाच्या रस्त्याने थोडं चाललं की पलीकडे उघडा महासागर. पाय बुडवायचे, गरम चिप्स खायच्या, सीगल कितीही जवळ आले तरी त्यांना द्यायच्या नाहीत आणि आल्या बोटीने परतायचं. दिवस संपला.

“एवढंच?” भाऊजींनी विचारलं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, बेस्टमधून निवृत्त झालेले. दिवाळीच्या सुमारास दोघं ऑस्ट्रेलियाला निघालीयत आणि मी तिकडे काही काळ राहून आलेली असल्याने आखणीचं काम माझ्याकडे आलं. तसा तक्ता त्यांनी एक्सेलमध्ये आधीच केला होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने आणि त्यांत एकही जागा मोकळी नाही. सिडनी, कॅनबेरा, मेलबर्न, गोल्ड कोस्ट, ब्रिस्बेन, केर्न्स, आणि जमलं तर उलुरू. नकाशाच्या एका पानावर सगळा देश मावतो म्हणून असं होतं. सिडनी ते केर्न्स हा विमानाने तीन तासांचा प्रवास आहे, म्हणजे मुंबईहून गुवाहाटी. केर्न्सहून मेलबर्न त्याहून लांब. आपण मुंबई-गुवाहाटी-चेन्नई अशी सहल काढून मधे पाच गावं घुसडली असती का? भाऊजी म्हणाले, टूरवाले घुसडतात. खरं आहे. टूरवाले घुसडतात, आणि परत आल्यावर माणसं हॉटेलातल्या नाश्त्याचीच वर्णनं करतात, कारण सलग तासभर ती फक्त तिथेच बसलेली असतात.

मी सिडनी, केर्न्स आणि मेलबर्न ही तीन शहरं ठेवली, बाकीची खोडली. उतरायचं सिडनीला, परतायचं मेलबर्नहून. विमानाचं तिकीट असं दोन टोकांचं काढता येतं, उगाच पहिल्या शहरात परत यावं लागत नाही. मग प्रत्येक शहरात आधी मोकळे दिवस लिहिले आणि उरलेल्या जागेत बघायच्या गोष्टी. उलट क्रमाने केलं तर मोकळा दिवस कधीच उरत नाही, हे पगाराच्या हिशेबातून आपल्याला ठाऊक आहेच. भाऊजींनी त्या रकान्यांत काय लिहायचं ते विचारलं. काही नाही, म्हटलं. त्यांनी तिथे प्रश्नचिन्ह टाकलं.

आखणीचाच विषय निघाला म्हणून ऑपेरा हाउसचं सांगते. १९५७ साली यॉर्न उत्झन या डॅनिश वास्तुकाराने स्पर्धा जिंकली तेव्हा अंदाज होता सत्तर लाख डॉलरचा आणि १९६३ साली पूर्ण होण्याचा. प्रत्यक्षात उद्घाटन झालं १९७३ मध्ये आणि खर्च गेला दहा कोटींच्या वर. पैसा उभा करायला सरकारने लॉटरी काढली होती. ती शिडं रेखाटली गेली तेव्हा ती बांधायची कशी हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळी कवचं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापता येतील, ही युक्ती सापडायला पुढे काही वर्षं गेली. नव्या सरकारशी खटके उडून उत्झन १९६६ साली निघून गेला आणि पूर्ण झालेली इमारत बघायला तो कधीच परतला नाही. लांबून पांढरी शुभ्र दिसणारी ती छपरं जवळ गेल्यावर दोन रंगांची निघतात. स्वीडनहून आणलेल्या दहा लाखांहून जास्त फरश्या आहेत, काही चकचकीत पांढऱ्या, काही मळकट सायीच्या. दोन्हींमुळे सूर्य सरकेल तसा छपराचा रंग बदलत राहतो. हे कळायला पायऱ्यांवर निदान एक संध्याकाळ नुसतं बसावं लागतं. आत जाऊन मार्गदर्शकाबरोबर फिरायचं की नाही, ते ऐच्छिक.

सिडनीच्या पुलाच्या उद्घाटनाची गंमत वेगळी. १९ मार्च १९३२ रोजी प्रीमियर जॅक लँग फीत कापायला उभे असताना डी ग्रूट नावाचा गृहस्थ घोड्यावरून आला आणि तलवारीने फीत आधीच कापून मोकळा झाला. राजकीय वैर होतं. त्याला धरून नेलं, फितीला गाठ मारली, मग लँगनी ती पुन्हा कापली. भाऊजींना हा किस्सा फार आवडला. उद्घाटनांचा त्यांना दांडगा अनुभव आहे. पुलावर दोर बांधून चढवणारे लोक आहेत, पैसे भरपूर घेतात. पायी चालत ओलांडायला काही पडत नाही. पलीकडे किरिबिलीत उतरलं की ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रस्तेच्या रस्ते नीलमोहराने जांभळे झालेले असतात. पुण्यात हे झाड आहे, पण फांद्यांची अशी कमान रस्त्यावर धरलेली मी आपल्याकडे पाहिली नाही. ताईसाठी तेवढी एक सकाळ मी पक्की लिहिली.

दिवाळीचा मुहूर्त तसा चांगला लागलाय. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत मेलबर्न थंडीने आखडायला लागतं, आपल्या नाताळात केर्न्सला पावसाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिन्हीकडे निभावतं, केर्न्सचा वाराही पडलेला असतो. फक्त घड्याळाचं लक्षात ठेवायचं: सिडनी आणि मेलबर्न ऑक्टोबरात काटे तासभर पुढे नेतात, केर्न्स ज्या क्वीन्सलंडमध्ये आहे ते नेत नाही. भाऊजींचा तक्ता इथे एकदा गडगडला. आणि फराळाचं. विमानात जे कार्ड भरायला देतात त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू लिहायची, चकलीसुद्धा. लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड. पेढे-बर्फीचा विचारच सोडून द्यायचा.

केर्न्सला उतरल्यावर पहिला धक्का असा की गावाला किनारा नाही. समुद्र आहे, पण पाण्याआधी चिखल, आणि त्या चिखलात मगरी येतात अशी पाटी. म्हणून नगरपालिकेने किनाऱ्याच्या रस्त्यालगत खाऱ्या पाण्याचं मोठं तळं बांधलंय. फुकट असतं, गावची पोरंटोरं आणि बाहेरचे पर्यटक सगळे त्यात पडलेले असतात. इथला पहिला दिवस या तळ्याकाठी काढायचा. ताईला पोहता येत नाही म्हणून ती खट्टू होती. तारकर्लीला तिने स्नॉर्केलिंगला नकार दिला होता, भाच्यांनी खूप आग्रह केला तरी. मी तिला सांगितलं, कमरेएवढ्या तळ्यात मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय कर. भीती बहुतेक वेळा पाण्याची नसते, नाक बंद झाल्याची असते.

ग्रेट बॅरिअर रीफ केर्न्सहून दिसत नाही. सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली, जवळपास तीन हजार वेगवेगळ्या प्रवाळखडकांची ती रांग आहे, आणि बाहेरच्या रांगेपर्यंत जायला वेगवान बोटीलाही दीडेक तास लागतो. जवळ हवं तर ग्रीन आयलंड आहे, पाऊण तासावर. माझं मत बाहेरच्या बाजूने, कारण तिथलं पाणी नितळ असतं, पण बोट लागणाऱ्याने हट्ट धरू नये. साठी उलटलेल्यांकडून तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, अंगावर तरंगण्याचं साधन चढवतात, आणि पाण्यात उतरल्यावर एक जीवरक्षक डोळा ठेवून असतो. चष्मेवाल्यांना बऱ्याच बोटींवर नंबरचे मास्क मिळतात, मागावे लागतात. नोव्हेंबरपासून जेलीफिशचा मोसम, म्हणून गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटणारा सूट देतात. त्यात आपण सगळेच सारखे विनोदी दिसतो, त्यामुळे ताईची साडी-पंजाबीची चिंता मिटली. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायची म्हणजे वाफ धरत नाही. हे तिला पटवायला मात्र वेळ लागला.

पाण्याखाली जाहिरातीतले रंग शोधू नयेत. लाल रंग पाण्यात काही मीटरांतच विरतो. छायाचित्रांत तो दिसतो कारण कॅमेऱ्याबरोबर दिवा नेलेला असतो. शिवाय निरोगी प्रवाळ बरंचसं तपकिरी, शेवाळी असतं. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला रंगही देतं आणि अन्नही. पाणी फार तापलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८ पासून अशी मोठी विरंजनं वारंवार झालीयत. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं झाली, पुढे २०२०, २०२२, २०२४. म्हणजे डोळ्यांना सुंदर वाटणारा पांढरा फांद्यांचा पुंजका आजारी असू शकतो आणि मातकट दिसणारा धडधाकट. हे आधी माहीत असलेलं बरं; नाहीतर माणूस निरोगी खडकावर तरंगत पैसे वाया गेले म्हणतो. आणि कान उघडे ठेवायचे. पोपटमासा खडक कुरतडतो त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट येतो. त्याच्या पोटातून जे बाहेर पडतं त्याचीच पुढे बेटांवरची पांढरी वाळू होते, हे मी ताईला सांगितलं नाही. ती अनवाणी चालणार आहे.

केर्न्सचे दिवस मी जास्त ठेवले आणि रीफचा दिवस मधे धरला, वारा सुटला तर पुढे ढकलता यावा म्हणून. या एका बोटीखेरीज सहलीत आधीपासून राखून ठेवण्यासारखं फारसं काही नाही. भाऊजींना हवेची टाकी पाठीवर घेऊन खोल उतरायचीही हुक्की आली होती. त्यात अडचण अशी, की डायव्हिंगनंतर जवळजवळ दिवसभर विमानात बसू नये. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. नुसत्या तरंगण्याला ही अट नाही. त्यांनी तरंगणं पत्करलं.

मेलबर्न हे गल्ल्यांचं गाव, पण गल्ल्या कुणी हौसेने केलेल्या नाहीत. १८३७ साली रॉबर्ट हॉडलने शहर आखलं ते सरळ चौकटीत, ९९ फूट रुंदीचे मोठे रस्ते आणि त्यांच्या मधे ३३ फुटांचे ‘लिटल’ रस्ते, घरांच्या मागच्या बाजूने गाडी-घोडा आणायला. पुढे प्लॉटांचे तुकडे पडत गेले तशा आणखी बोळी निघाल्या. १८९० च्या दशकाअखेरीस भुयारी गटारं येईपर्यंत मैला वाहून नेणारे यांच्यातूनच ये-जा करत. आपल्या गिरगावातल्या घरगल्ल्यांचा जन्मही त्याच कामासाठीचा. तिकडच्या गल्ल्यांचं नशीब उघडलं एवढंच. १९९० च्या दशकात नगरपालिकेने यान गेल या वास्तुकाराला बोलावून लोक चालतात कुठे, बसतात कुठे याची मोजदाद करवली, आणि हळूहळू मागच्या दारांना पुढची दारं व्हायची परवानगी मिळाली. गेलही डेन्मार्कचाच. दोन्ही शहरं डॅनिश लोकांची ऋणी आहेत, फक्त मेलबर्नने आपला माणूस पळवून लावला नाही.

डीग्रेव्ह्ज स्ट्रीट, सेंटर प्लेस, काळ्या दगडी फरशीची होझियर लेन. होझियर लेनमधल्या भिंती रंगवणाऱ्यांना मोकळ्या आहेत. आज पाहिलेलं चित्र आठवड्याने असेलच असं नाही. २०१० साली पालिकेच्या सफाईवाल्यांनी तिथे बँक्सी या भित्तिचित्रकाराचा पॅराशूटवाला उंदीर रंग फासून पुसून टाकला. आपली माणसं असती तर त्यांनी तिथे गणपतीत मंडप टाकला असता, असं भाऊजी म्हणाले. गल्लीत शिरताना नकाशा बंद ठेवायचा. चौकट इतकी सरळ आहे की हरवायचं म्हटलं तरी पाच मिनिटांत मोठा रस्ता लागतो. एका गोष्टीची मात्र तयारी हवी. कॉफीची दुकानं पहाटे उघडतात आणि दुपारी तीन-चारला खुर्च्या उलट्या होतात. म्हणजे ऐन आपल्या चहाच्या वेळेला. ताईने हे ऐकून बॅगेत छोटी किटली टाकली.

पाऊस, ऊन आणि बोचरा वारा मेलबर्नला एकाच दुपारी भेटतात, तेव्हा जर्किन हातात असावं. ग्रेट ओशन रोडला नेणारी बारा तासांची बस मी तक्त्यातून काढली. भाऊजी भांडतील असं वाटलं होतं. पण तोवर त्यांना शहराच्या मध्यभागात ट्राम मोफत असते हे कळलं होतं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली तेव्हा ते शाळेत होते, परळला राहायचे, आणि त्या रात्री वडिलांनी झोपेतून उठवून न्यावं म्हणून रडले होते. वडिलांनी नेलं नाही. आता मेलबर्नचं अडीचशे किलोमीटरचं जाळं त्यांनी भिंतीवर चिकटवलंय. ३५ नंबरची जुन्या लाकडी डब्यांची, मध्यभागाला फेरी घालणारी. ९६ नंबरची, ईस्ट ब्रन्सविकहून थेट सेंट किल्डाच्या समुद्रापर्यंत, तिला मायकी कार्ड लागेल. प्रश्नचिन्हं खोडून मेलबर्नच्या सगळ्या मोकळ्या रकान्यांत त्यांनी ट्रामचे नंबर लिहिले.

“९६ ने सेंट किल्डाला जाऊन काय करायचं?” ताईने विचारलं.

“दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसून परत यायचं,” भाऊजी म्हणाले.