नव्या विषाणूची बातमी आणि आपले संगणक

नव्या संगणक-विषाणूची बातमी आली की परिचितांचे दूरध्वनी येऊ लागतात. बंगळूर, भोपाळ, बडोदे, कुठूनही. प्रश्न एकच: आम्ही कितपत घाबरावे? मी तंत्रज्ञ नव्हे. परंतु सरकारी कार्यालयांतून संगणक आणि त्यांचे भय ही दोन्ही मी जवळून पाहिली आहेत.

१२ मे २०१७ रोजी, शुक्रवारी, ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. संगणकातील धारिका कुलूपबंद करून तो तीनशे डॉलरची खंडणी मागे. ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांना हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र पोलिसांचे व केरळातील काही ग्रामपंचायतींचे संगणक बाधित झाले. विंडोजमधील ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. जवळजवळ दोन महिने ती घेण्यास सवड होती! पुढे एका तरुण ब्रिटिश संशोधकाने विषाणूच्या आज्ञावलीत आढळलेला एक संकेतपत्ता नोंदवला आणि प्रसार पुष्कळसा थांबला.

सोमवारी आमच्या कार्यालयात वरून फर्मान आले, ‘सर्व संगणक बंद ठेवावेत.’ दोन दिवस दाखल्यांसाठी आलेली माणसे हात हलवत परतली. ती दुरुस्ती बसवली आहे काय, हे मात्र कोणी विचारले नाही. माहितीची प्रत ज्या हार्डडिस्कवर होती, ती अष्टौप्रहर त्याच संगणकाला जोडलेली असे. म्हणजे विषाणू आला असता तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच गेली असती. परिपत्रकाची पोच द्यायची म्हटले की आपल्या प्रशासनाला हुरूप येतो. डिस्कची तार काढून ठेवण्यास परिपत्रक लागत नाही, म्हणून ते राहून जाते.

त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. त्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात होता. तेव्हा ‘अद्ययावत करा’ हा मंत्रही सर्वस्वी निर्धोक नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही घरगुती वापरकर्त्याने त्यावरून दुरुस्त्या घेणे सोडणे म्हणजे विषबाधेच्या भीतीने औषध टाकून देणे होय.

हे दोन्ही विषाणू जाळ्यात जोडलेल्या कार्यालयांत वणव्यासारखे पसरले. घरचा राउटर बाहेरून अनाहूत आलेली जोडणी सहसा आत येऊ देत नाही. त्यामुळे अशा बातमीने घरच्या माणसाने झोप उडवून घेऊ नये. काळजी करायचीच असेल तर गावी आईवडिलांकडे असलेल्या जुन्या संगणकाची करावी. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे. त्याहून अधिक काळजी त्यांच्या भ्रमणध्वनीची! व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके धारिका येते. ती बसवली की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. इथे कोणतेही छिद्र लागत नाही, पाहुण्यांविषयीचा जिव्हाळा पुरतो. दिवाळीला घरी जाल तेव्हा अनोळखी स्रोतांतून ॲप बसवण्याची परवानगी त्यांच्या फोनमध्ये बंद करून या, आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांतच तो उपयोगी पडतो.