सोयरीक आणि कादंबरी

गोंदिया,
मार्गशीर्ष वद्य पक्ष

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ वाचून झाली, वाचताना फार आनंद झाला आणि तो झाला याचाच नंतर संकोच वाटला, असा मजकूर त्यात आहे. वडीलधाऱ्यांनी आपापला हिशेब पाहून जुळवलेल्या, वधूवरांना कोणी काही विचारलेही नाही अशा लग्नाची कथा आजच्या शिकलेल्या वाचकाला गोड का लागावी, हा त्यातला प्रश्न. तो एका कादंबरीपुरता नसल्यामुळे उत्तर थोडे लांबले आहे.

अशा लग्नाला अलीकडे ‘सोयीचा विवाह’ म्हणतात. म्हणजे परस्परांच्या ओढीने नव्हे, तर घराण्याची, वतनाची, कर्जाची किंवा फौजेची गरज भागावी म्हणून झालेला विवाह. मराठीत मात्र हा शब्दप्रयोग जवळजवळ द्विरुक्तीच ठरतो. लग्नाने जुळणाऱ्या नात्याला मराठी ‘सोयरीक’ म्हणते, आणि ‘सोय जाणे तो सोयरा’ ही म्हण त्या शब्दाची गाठ सरळ सोयीशीच मारून मोकळी होते, मग व्युत्पत्तिशास्त्राला ते मान्य असो वा नसो. शिवाजी महाराजांच्या एका राणीचे नावच सोयराबाई होते. जिथे आधी प्रेम आणि मग लग्न हा क्रम गृहीत असतो, तिथल्या कथेत सोयीचे लग्न हा अपवाद ठरतो आणि त्या चमत्कारिकपणावरच कथा उभी राहते. मराठी कथेत सोय हा नियमच असल्यामुळे तिच्यात चमत्कारिक वाटते ते प्रेम, आणि म्हणूनच ते कुठे, कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दातून डोकावले, हे वाचक इतक्या बारकाईने टिपत राहतो.

पेशव्यांच्या घरातल्या सोयरिकी पाहिल्या म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. पहिल्या बाजीरावाची पत्नी काशीबाई ही चासच्या जोशी या सावकार घराण्यातली, त्याची बहीण भिऊबाई बारामतीच्या नाईक जोशी या सावकारांच्या घरी दिलेली, आणि सून गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांची. मोहिमांसाठी सतत कर्ज काढावे लागणाऱ्या घराने व्याही कोठून निवडले, हे त्या यादीवरून कळते. मस्तानीची कथाही याच हिशेबातून सुरू होते. 1729 मध्ये मुहम्मदखान बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावाने वृद्ध बुंदेला राजा छत्रसालाला सोडवले, त्याच्या मोबदल्यात बुंदेलखंडाचा सुमारे तिसरा हिस्सा मराठ्यांकडे आला आणि छत्रसालाची मुलगी मानली जाणारी मस्तानी पुण्यास आली. ना. सं. इनामदार यांनी 1972 साली ‘राऊ’ लिहिताना हाच प्रसंग हाती घेतला. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, राजकारणाच्या दृष्टीने सर्वांत फायद्याचे ठरलेले हे नाते पुण्याच्या वाड्यात मात्र कोणाच्याच सोयीचे नव्हते. काशीबाईचे लग्न घराला सोयीचे होते म्हणून निभले, आणि मस्तानीचे नाते राज्याला सोयीचे असूनही घराने स्वीकारले नाही. सोय कोणाची, हा प्रश्न इनामदारांच्या कथेला जी धार देतो, ती केवळ प्रेमाच्या वर्णनाने आली नसती.

‘स्वामी’ची रीत वेगळी आहे. तिचा नायक माधवराव पेशवा आणि रमाबाई यांचे लग्न 1753 साली झाले तेव्हा माधवराव अवघ्या आठ वर्षांचा होता, म्हणजे ओढ असण्या-नसण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला त्याचा मृत्यू झाला आणि रमाबाई सती गेली, हा शेवट प्रत्येक मराठी वाचकाला पहिले पान उघडण्यापूर्वीच ठाऊक असतो. या दोन टोकांमधल्या एकोणीस वर्षांत पती-पत्नी एकमेकांशी काय बोलले, याचे कागद जवळजवळ नाहीत. कादंबरीकाराने कागदांतली ही रिकामी जागा हेरली आणि 1962 साली तिथे एक संसार वसवला. दरबार, काकाचे कारस्थान, मोहिमा आणि क्षय यांतून उरलेल्या थोड्या घटकांत दोघांची भेट होते, आणि वेळ चोरलेला असल्यामुळे साधी चौकशीही वाचकाला मौल्यवान वाटते. संकोच करायचाच असेल तर तो या आनंदाचा नसावा. तो सतीच्या प्रसंगाला कादंबरीने जे तेजोवलय दिले आहे त्याचा असावा, कारण तिथे सोयीचा सगळा हिशेब भक्तीखाली झाकून टाकला जातो आणि ती झाकपाक वाचकाच्या चटकन लक्षात येत नाही.

परंतु गोंदियाच्या माणसाने या विषयासाठी पुण्यापर्यंत जाण्याची गरज नाही. आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे गाव असल्याचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादले, आणि आमगावच्या महाविद्यालयाला आज त्याचेच नाव आहे. आठव्या शतकातल्या या नाटककाराचे ‘मालतीमाधव’ हे दहा अंकी ‘प्रकरण’ आहे. प्रकरण म्हणजे ज्याचे कथानक पुराणांतून न घेता कवीने स्वतः रचलेले असते असे नाटक, म्हणजे आजच्या कादंबरीचा जुना नातेवाईकच. (‘कादंबरी’ हा शब्दही बाणभट्टाच्या नायिकेचे नाव आहे; एका प्रेमकथेचे नाव मराठीने सगळ्या साहित्यप्रकाराला देऊन टाकले, यातही मराठी वाचकाची आवड उघड होते.)

नाटकात पद्मावतीच्या राजाला आपला मर्जीतला नंदन याच्यासाठी प्रधान भूरिवसूची मुलगी मालती हवी आहे. भूरिवसू नाही म्हणू शकत नाही, म्हणून तो उत्तर देतो की महाराजांची सत्ता आपल्या कन्येवर आहेच. ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या, हे तो सांगत नाही. राजा त्याला होकार समजतो, आणि पुढे कोणी जाब विचारलाच तर मालती काही राजाची मुलगी नव्हे. दरबारी भाषेत सोयीचा विवाह टाळण्याची इतकी सुबक युक्ती संस्कृत नाटकांत क्वचितच असेल. दुसरीकडे विदर्भातल्या कुंडिनपुराहून शिकायला आलेला माधव मालतीच्या प्रेमात पडतो, स्मशानात तिचा बळी देऊ पाहणाऱ्या कापालिक अघोरघंटाच्या तावडीतून तिला सोडवतो. आणि त्याचा मित्र मकरंद मालतीचा वेष घेऊन नंदनाशी लग्न लावतो, त्याला धुडकावतो, नव्या वधूची समजूत घालायला आलेल्या नंदनाच्या बहिणीलाच घेऊन पसार होतो. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान निघाले की रात्रभर नाटके चालतात, तिथे हा अंक आजही हमखास हशा घेईल.

या सगळ्या धांदलीत भवभूतीने एक गोष्ट पहिल्याच अंकात सांगून ठेवली आहे. मालतीचा पिता भूरिवसू आणि माधवाचा पिता देवरात यांनी विद्यार्थिदशेतच एकमेकांना वचन दिले होते की आपली मुले परस्परांना द्यायची. त्या वचनाची साक्षी असलेली बौद्ध परिव्राजिका कामंदकी दोघांची भेट घडवते, ओढ वाढवते आणि मालतीला मात्र असे भासवते की तिचा बाप राजाला खूश करण्यासाठी तिचा बळी देतो आहे. म्हणजे प्रेक्षक ज्याला प्रेमविवाह समजून टाळ्या वाजवतो, तीही वडिलांनी ठरवलेली सोयरीकच आहे. फरक इतकाच की वधूवरांना ते कळू दिलेले नाही. मालतीचे मन वळवण्यासाठी कामंदकी शकुंतला, उर्वशी आणि वासवदत्ता यांच्या कथा सांगते. वासवदत्तेला बापाने दुसऱ्या राजाला देऊ केले होते आणि तिने उदयनाला वरले, ही त्या काळची ऐतिहासिक प्रेमकथाच. ती ऐकून मालतीच्या मनात जे हलते, तेच ‘स्वामी’ वाचताना हलले असावे. अशा कथा ऐकणाऱ्याला नुसता विरंगुळा देत नाहीत, हे भवभूतीला बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी माहीत होते, आणि म्हणूनच त्याने त्या एका धूर्त मध्यस्थ बाईच्या तोंडी घातल्या.

या भागातल्या गोंड समाजाच्या जुन्या रीतींतही सोय लपवलेली नसते. एका घराने मुलगी दिली की पुढच्या पिढीत तिची मुलगी त्या घरी सून म्हणून परत यावी, याला ‘दूध लौटावा’ म्हणजे दुधाची परतफेड म्हणतात; आणि ‘लमसेना’ हा होणारा जावई काही वर्षे सासऱ्याच्या शेतात राबून वधूमूल्य फेडतो, त्या काळात दोघांची रोजची ओळख आपोआप होते. कादंबरीकाराला जी ओळख शेकडो पाने खर्चून घडवावी लागते, ती इथे नांगरणी-रोवणीत घडून जाते.

पद्मपुराचे नाव आणखी एका लग्नाच्या आसपास येते. वाकाटकांचा एक अपूर्ण ताम्रपट, म्हणजे दानाची नोंद कोरलेला तांब्याचा पत्रा, पद्मपुराहून दिलेला आहे, आणि ते पद्मपूर हेच असावे असे मिराशींचे मत होते. याच वाकाटक घराण्यातल्या दुसऱ्या रुद्रसेनाला गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली मुलगी प्रभावतीगुप्ता दिली. पश्चिमेच्या क्षत्रपांवर चालून जाताना वाकाटकांचे राज्य पाठीशी असावे, हा त्यामागचा हेतू इतिहासकार सांगतात. रुद्रसेन लवकर वारला आणि प्रभावतीने अज्ञान मुलाच्या नावाने निदान तेरा वर्षे कारभार केला. तिच्या ताम्रपटांत सुरुवातीला सासरची नव्हे तर माहेरची, गुप्तांची वंशावळ येते, आणि स्वतःचे गोत्रही ती वाकाटकांचे विष्णुवृद्ध न सांगता बापाकडचे धारण असेच सांगते. सासरच्या राज्यात, सासरच्या जमिनी दान देताना कोरलेली ही वेगळी चूल नवऱ्याविषयीच्या भावनेबद्दल काहीच सांगत नाही. तो भाग ताम्रपटात येण्यासारखा नाही, आणि कादंबरीची जागा नेमकी तिथून सुरू होते.

पुढच्या सुट्टीत गोंदियाला येणे झाले तर आमगावची गाडी पकडून पद्मपूर पाहता येईल. येताना ‘राऊ’ची प्रत सोबत असावी, तिच्यावर वाद घालायचा आहे. घरी सर्वांस यथायोग्य सांगावे.

कळावे, हे आशीर्वाद.

मामा